खांदा देणाऱ्यांची मजुरी

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्याचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट २६ जून १७९३ रोजी वारला. बाहत्तर वर्षे पूर्ण होऊन त्र्याहत्तरावे संपत आले होते. त्याच्या मृत्युपत्रात स्वतःच्या दफनाविषयी एक लांबलचक वाक्य आहे. त्याचा आशय असा: मला सेलबोर्नच्या चर्चच्या आवारात, होईल तितके साधेपणाने आणि गाजावाजा न करता पुरावे. शवपेटीवरच्या कापडाची टोके धरून चालणारे मानकरी नकोत, कसलीही मिरवणूक नको. सहा प्रामाणिक रोजंदार मजुरांनी मला खड्ड्यापर्यंत वाहून न्यावे. हे सहा जण निवडताना ज्यांनी मोठी कुटुंबे पोसून वाढवली आहेत त्यांच्याकडे लक्ष द्यावे. आणि त्यांना पडलेल्या कष्टाबद्दल प्रत्येकाला दहा शिलिंग मिळावेत.

मला या माणसाच्या सगळ्या लेखनात हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. ते नीट समजायचे तर त्या काळी इंग्लंडमध्ये माणसाला कसे पुरत, मजुराच्या घरात किती पैसे येत आणि हा पाद्री आयुष्यभर काय पाहत आणि मोजत आला होता, हे तिन्ही माहीत असावे लागते.

गिल्बर्ट व्हाइट हे नाव निसर्गाच्या अभ्यासकांना परिचित आहे. ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न’ हे त्याचे एकच महत्त्वाचे पुस्तक. १७८८ च्या अखेरीस ते छापून झाले आणि मुखपृष्ठावर १७८९ हे साल पडले. प्रकाशक त्याचा धाकटा भाऊ बेंजामिन. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर त्याचे पुस्तकांचे दुकान होते. पुस्तकाचा पहिला भाग थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन विद्वानांना लिहिलेल्या पत्रांचा आहे, दुसरा गावाच्या इतिहासाचा. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन वटवटे व्हाइटने त्यांच्या गाण्यावरून वेगळे ओळखले. इंग्लंडच्या शेतांतला सर्वांत लहान उंदीर त्याने तराजूत घालून पाहिला, तेव्हा दोन उंदरांचे मिळून वजन तांब्याच्या एका हाफपेनीपेक्षा जेमतेम जास्त भरले. गांडुळे नसती तर जमीन थंड, घट्ट आणि नापीक झाली असती, हे त्याने १७७७ साली लिहून ठेवले; पुढे चार्ल्स डार्विनने गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले. डार्विन लहानपणी व्हाइटचे पुस्तक वाचून पक्ष्यांच्या नोंदी करायला लागला होता.

पण गावाच्या दृष्टीने व्हाइट होता क्युरेट, म्हणजे मुख्य पाद्र्याच्या वतीने काम पाहणारा पगारी पाद्री. त्याचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबोर्नच्या पाद्रीनिवासात झाला. आजोबा, त्यांचेही नाव गिल्बर्ट व्हाइटच, तेव्हा तिथले व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, होते. नातवाला मात्र ती गादी कधीच मिळणार नव्हती. सेलबोर्नच्या व्हिकरची नेमणूक ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या हाती होती, आणि व्हाइट शिकला ओरिएल कॉलेजात, १७४४ पासून मरेपर्यंत तिथलाच फेलो, म्हणजे कॉलेजचा मानधन मिळणारा सदस्य, राहिला. फेलोशिप टिकवायची तर लग्न करता येत नसे. त्याने केले नाही. नॉर्दम्प्टनशायरमधले एक चर्च ओरिएलतर्फे त्याच्याकडे होते, पण तिथे राहायला तो गेला नाही. जीव सेलबोर्नमध्ये अडकलेला. वेगवेगळ्या काळात चार वेळा तो आपल्याच गावचा क्युरेट झाला. व्हिकर अँड्र्यू एटी १७८४ साली वारले, त्यांच्या जागी नेमलेले नवे व्हिकर गावात राहत नव्हते, आणि चौथ्यांदा आलेले ते काम व्हाइटने शेवटपर्यंत केले. त्या नऊ वर्षांत गावातल्या बाळांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी त्याच्याच हातून होत. १० जून १७९३ ला त्याने शेवटचा अंत्यविधी केला. त्यानंतर सोळा दिवसांनी तो स्वतः गेला.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये बऱ्या घरातल्या माणसाची अंत्ययात्रा हा मोठा खर्चाचा मामला झाला होता. शहरांत अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारे धंदेवाईक उभे राहिले होते. काळे कापड, टोपीला बांधायच्या रेशमी पट्ट्या, पाहुण्यांना वाटायचे हातमोजे, जवळच्यांना द्यायच्या शोकाच्या अंगठ्या, घोड्यांच्या डोक्यावर पिसांचे तुरे, हे सगळे ते पुरवत. अंत्यविधी चालवणाऱ्या पाद्र्यालाही हातमोजे आणि टोपीची पट्टी मिळे. नॉर्फकमधला जेम्स वुडफर्ड हा व्हाइटचा समकालीन खेडवळ पाद्री आपल्या रोजनिशीत अशा भेटींची नोंद न चुकता करतो. म्हणजे व्हाइटलाही हा सगळा थाट चांगला ठाऊक असणार.

यातली एक प्रथा मुद्दाम सांगायला हवी, कारण व्हाइटने नेमकी तीच नाकारली. शवपेटीवर जाड मखमली किंवा लोकरी कापड पसरत. त्या कापडाची टोके हातात धरून चालायचा मान मृताच्या बरोबरीच्या प्रतिष्ठितांचा असे. पेटीचे ओझे मात्र त्यांच्याकडे नसायचे. ते वाहणारे भाडोत्री मजूर कापडाच्या खाली, अर्धे झाकलेले, वाकून चालत. रस्त्यावरच्या लोकांना दिसत ते टोके धरणारे सभ्य गृहस्थ. पेटी वाहणाऱ्यांचे चेहरेही कुणाला दिसत नसत.

मानकरी नकोत असे लिहून व्हाइटने ती वरची रांगच काढून टाकली. आता त्याच्या पेटीभोवती दिसणार होते ते खांदा देणारे सहा मजूरच. आपल्याकडे खांदा देणे हे नात्याचे आणि शेजारधर्माचे काम, त्याचे पैसे घेणे-देणे आपल्याला खटकेल. इंग्लंडमध्ये ते मजुरीचेच काम होते. व्हाइटने ते लपवले नाही. उलट त्या कामाला मृत्युपत्रात जागा दिली आणि त्याचा दरही ठरवून टाकला.

गरिबांनी आपल्याला वाहून न्यावे ही इच्छा काही त्याच्या एकट्याची नव्हती. कवी अलेक्झांडर पोप १७४४ साली वारला, तेव्हा त्याच्याही मृत्युपत्रात पॅरिशमधल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, सर्वांत गरीब सहा जणांनी आपल्याला न्यावे आणि प्रत्येकाला शोकाचा पोशाख म्हणून राखाडी जाड्याभरड्या कापडाचा एक जोड द्यावा असे लिहिलेले होते. व्हाइटचा पोपशी एक धागा होता. १७४३ च्या जूनमध्ये ओरिएलची पदवी घेताना या तरुणाला पोपने आपल्या ‘इलियड’च्या भाषांतराची प्रत भेट दिली होती. पोपचे मृत्युपत्र व्हाइटच्या मनात होते की नव्हते, यावर मी तर्क लढवणार नाही. पण दोन्ही इच्छा शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो.

पोपला हवे होते सर्वांत गरीब. त्यात जुनी धार्मिक कल्पना आहे: श्रीमंताच्या अंत्ययात्रेत दरिद्री असावेत, त्यांना कपडे मिळावेत, त्यातून मृताला पुण्य लागावे. आणि तो राखाडी पोशाख मजुराच्या अंगावर पुढची कित्येक वर्षे मृताची आठवण म्हणून मिरवत राहतो. व्हाइटने ‘सर्वांत गरीब’ म्हटले नाही. त्याने म्हटले प्रामाणिक, रोजाने काम करणारे, आणि मोठी कुटुंबे वाढवलेले. निकष ठेवला तो कष्टाचा आणि घरातल्या तोंडांचा. कपडे न देता रोख रक्कम दिली, आणि ती कशाबद्दल तेही सांगितले: कष्टाबद्दल. काम केले, त्याचे दाम घेतले. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही, अशी ही मांडणी आहे.

दहा शिलिंग म्हणजे किती? त्या वर्षांत दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण सात ते नऊ शिलिंग मिळत. म्हणजे जेमतेम तासाभराच्या कामाला आठवड्याच्या मजुरीहून अधिक. दिवसही बघा. व्हाइटला १ जुलैला पुरले. जूनची अखेर आणि जुलैची सुरुवात हा गवत कापण्याचा हंगाम. मजुराला वर्षात जास्त पैसे मिळण्याचे जे थोडे दिवस असतात त्यांतले हे. अशा दिवसांत अर्धा दिवस मोडून चर्चकडे यायचे, तर घरातून कुणीतरी विचारणारच. मरण हंगामात येईल की थंडीत, हे मृत्युपत्र लिहिणाऱ्याला कळत नसते. पण रोजंदाराचा वेळ म्हणजे पैसा, हे व्हाइटला पक्के ठाऊक होते.

१७९३ हे सालही बेताचेच होते. फेब्रुवारीत फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि पुढच्या दोन वर्षांत धान्याचे भाव भडकले. शेजारच्या बर्कशायर परगण्यात बार्कम गावचा पाद्री डेव्हिड डेव्हिस मजुरांच्या घरखर्चाचे हिशेब गोळा करत होता. पीठ, थोडे खारवलेले मांस, चहा, साबण, मेणबत्त्या, बुटांची दुरुस्ती असा एकेक खर्च त्याने मांडला आणि आठवड्याची कमाई आणि खर्च यांचा मेळ बसत नाही हे दाखवले. मूल वाढले की तूट वाढे. त्याचे पुस्तक १७९५ मध्ये निघाले. त्याच वर्षी ६ मे रोजी बर्कशायरच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड इथल्या पेलिकन या खानावळीत बसून ठरवले की, पावाच्या किमतीनुसार आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार मजुराला पॅरिशच्या निधीतून पूरक मदत द्यायची. घरात तोंडे किती, हा सरकारी हिशेबाचा मुद्दा झाला तो असा. व्हाइटच्या मृत्युपत्रात तो आधीच होता.

हा मुद्दा व्हाइटला कुठून सुचला, याचे उत्तर त्याच्या पुस्तकातच आहे. व्हाइट पक्ष्यांइतकीच माणसेही मोजत असे. १७८३ साली त्याने सेलबोर्न पॅरिशची शिरगणती मांडली: रस्त्यालगतच्या गावात ३१३, आजूबाजूच्या वस्त्यांत ३६३, एकूण ६७६. घरटी सरासरी जवळजवळ पाच माणसे. चर्चच्या नोंदवहीतून १७२० ते १७७९ या साठ वर्षांचा हिशेब काढला, तर बाप्तिस्मे ९८० आणि दफने ६४० निघाली. बाप्तिस्मे झालेल्यांत मुलगे ५१५, मुली ४६५. गावात जन्मलेले मूल चाळिशीपुढे जगण्याची शक्यता निम्मी, असा निष्कर्षही त्याने काढला. गावात गरीब पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेच जण निर्व्यसनी आणि कष्टाळू आहेत, दगडविटांच्या काचेच्या खिडक्या असलेल्या घरांत राहतात, पुरुष हॉप्सच्या बागांत राबतात आणि लाकूड तोडतात, बायका वसंतात शेत खुरपतात आणि सप्टेंबरात हॉप्स तोडून आणखी चार पैसे मिळवतात, असे त्याने नोंदले आहे. हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी ती फुले. त्या भागाचे ते मोठे पीक.

त्याचे गरिबांच्या घरातल्या दिव्यांवरचे पत्र मी वाचकांना आवर्जून वाचायला सांगेन. ओढ्याकाठी लव्हाळे उगवतात. उन्हाळ्यात ते तोडायचे, पाण्यात भिजवायचे, सोलायचे. सोलताना एका बाजूला सालीची बारीक पट्टी ठेवायची, म्हणजे आतला गाभा मोडत नाही. मग दवात टाकून उन्हात वाळवायचे आणि वितळलेल्या चरबीत बुडवून काढायचे. घरी डुक्कर पाळणारी काटकसरी बाई ही चरबी डुकराचे मांस शिजवतानाच्या भांड्यावरून काढून ठेवते. हे काम म्हातारी माणसे, आंधळी माणसे आणि लहान मुलेही करू शकतात.

व्हाइटने असे कोरडे लव्हाळे तागडीत घातले तेव्हा एका पौंडात सोळाशेहून अधिक काड्या भरल्या. दोन फूट साडेचार इंच लांबीची एक काडी पेटवून त्याने घड्याळ लावले. ती ५७ मिनिटे जळली. सरासरी काडीला अर्धा तास धरला तरी एका पौंडाचा उजेड आठशे तास होतो. खर्च लव्हाळ्यांचा एक शिलिंग, चरबीचा दोन, एकूण तीन. एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, साडेपाच तास उजेड. एका अनुभवी घरधन्याच्या सांगण्यानुसार दीड पौंड लव्हाळे त्याच्या घराला वर्षभर पुरतात, कारण कष्टकरी माणसे लांब दिवसांत दिवा लावतच नाहीत, उजेडाबरोबर उठतात आणि उजेडाबरोबर निजतात. आणि अगदीच नागवलेले लोक रोज संध्याकाळी हाफपेनीची मेणबत्ती आणतात, ती त्यांच्या वारा शिरणाऱ्या खोलीत दोन तासांत संपते. तेवढ्याच पैशांत त्यांना अकरा तास मिळाले असते.

या शेवटच्या वाक्यात गरिबांच्या बेहिशेबीपणावर त्याने ठेवलेला ठपका आहे, आणि तो मला पटत नाही. ज्याच्याकडे एकरकमी तीन शिलिंग कधीच साठत नाहीत तो रोजची मेणबत्तीच घेणार. पण ठपका ठेवणाऱ्या या माणसाने लव्हाळ्यावर घड्याळ लावले होते, हेही विसरता येत नाही. त्याच्याच हिशेबाने मजुराच्या घराच्या दिव्याचा वर्षाचा खर्च साडेचार शिलिंग. खांदा देणाऱ्याला त्याने ठेवलेल्या दहा शिलिंगांत दोन वर्षांचा उजेड येऊन वर शिलिंग उरतो. आणि ही रक्कम एकदम हातात पडणारी होती, तुकड्यातुकड्याने मिळणारी नव्हे. मेणबत्तीवर गुजराण करणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती अशाच पैशाची.

आता जागेबद्दल. चर्चच्या आत, वेदीच्या जवळ, फरशीखाली पुरले जाणे हा पाद्र्यांचा आणि जमीनदारांचा मान समजला जाई. व्हाइटच्या घराण्याला तो दुर्लभ नव्हता. त्याने आवारातली माती मागितली. गावाच्या इतिहासाच्या भागात त्याने या आवाराचीही हकिगत लिहून ठेवली आहे. आवार तोकडे, आणि प्रत्येकाला पुरून घ्यायचे असते ते दक्षिणेच्या बाजूला. तिथे हाडांचा असा थर साचला आहे की पूर्वजांची हाडे हलवल्याशिवाय नवा खड्डा खणता येत नाही. उत्तरेची बाजू लोक टाळत. इंग्लंडच्या खेड्यांत ती अशुभ समजली जाई. बाप्तिस्मा न झालेल्या, आत्महत्या केलेल्या किंवा परक्या माणसांना तिकडे टाकत. अलीकडे दोन-तीन प्रतिष्ठित घराण्यांनी उत्तरेला दफन सुरू केले आहे, त्यांच्या उदाहरणाने हळूहळू हा समज नाहीसा होईल, अशी आशा व्हाइटने व्यक्त केली होती. त्याची स्वतःची कबर उत्तरेलाच आहे. चर्चच्या भिंतीपासून पाचवी. नातेवाइकांनी पुढे बसवलेल्या स्मृतिशिलेवर ती अशीच, भिंतीपासून पाचवी म्हणून सांगितली आहे. कबरीवर लहानसा दगड आहे. त्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख.

दक्षिणेच्या हाडांबद्दल त्याने लिहिले ते किती खरे होते, हे दोनशे वर्षांनी उघड झाले. त्या बाजूला एक प्रचंड यू वृक्ष होता. व्हाइटने त्याचा घेर २३ फूट मोजला होता. २५ जानेवारी १९९० च्या वादळात तो उन्मळून पडला. मुळांबरोबर माती वर आली आणि तिच्यात जुन्या दफनांतली माणसांची हाडे निघाली.

व्हाइटच्या मागे राहिलेल्या वस्तूंची कथा याहून साधी आहे. त्याला मूलबाळ नव्हते, पण भावंडांची मुलेबाळे इतकी की भिंगऱ्यांच्या आगमनाच्या तारखा लिहायच्या त्याच रोजनिशीत तो पुतणे-भाच्यांचा वाढता आकडाही लिहीत असे. हा आकडा पन्नासच्या पुढे गेला होता. ‘द वेक्स’ हे त्याचे घर त्याला १७६३ मध्ये काकांकडून मिळाले होते. त्याच्यानंतरही ते पन्नासेक वर्षे घराण्यातच राहिले, १८४४ साली प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बेल यांनी ते घेतले, आणि १९५० च्या दशकात तिथे संग्रहालय झाले. १७६८ पासून मृत्यूच्या महिन्यापर्यंत चालवलेली रोजनिशी आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आणि टिमथी. हे कासव मुळात ससेक्समधल्या आत्याचे. ती १७८० मध्ये वारली, तेव्हा मार्च महिन्यात व्हाइटने त्याला थंडीच्या झोपेतून उकरून काढले, मातीसकट पेटीत ठेवले आणि घोडागाडीने ऐंशी मैल सेलबोर्नला आणले. प्रवासाच्या हादऱ्यांनी ते जागे झाले, बागेत दोन चकरा मारून पुन्हा मातीत शिरले. पुढची तेरा वर्षे व्हाइटने त्याचे खाणे, झोपणे, वजन सगळे टिपले. कर्ण्यातून ओरडून त्याला ऐकू येते का तेही पाहिले. धन्यामागे ते वर्षभर जगले आणि १७९४ च्या वसंतात मेले. कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ती मादी होती हे नंतर कळले. व्हाइटने आयुष्यभर तिचा उल्लेख नर म्हणूनच केला.

मजुरांच्या ज्या घरांचा विचार करून व्हाइटने मृत्युपत्रातले ते वाक्य लिहिले, त्यांचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. नाहीतर ही एका भल्या पाद्र्याची गोड आठवण होऊन बसेल.

युद्ध १८१५ ला संपले, भाव पडले, मजुरीही पडली. स्पीनहॅमलंडसारख्या व्यवस्थेत मालक मजुरी कमी देऊ लागले, उरलेले पॅरिश भरेल या हिशेबाने. मळणीची यंत्रे आली आणि थंडीतले काम गेले. १८३० च्या शरद ऋतूत दक्षिण इंग्लंडभर मजूर उठले. त्यांच्या धमकीच्या पत्रांवर ‘कॅप्टन स्विंग’ अशी सही असे, त्यावरून या उठावाला स्विंग दंगली म्हणतात. २२ नोव्हेंबर १८३० रोजी सेलबोर्नमध्ये जमाव जमला. त्याने गावच्या दरिद्रालयावर चाल केली, आतल्या दुबळ्यांना बाहेर काढले, सामान जाळले आणि इमारत मोडली. मग तो व्हिकर विल्यम कॉबोल्ड यांच्याकडे वळला. मागणी अशी की दशांशाचे, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातून चर्चला द्याव्या लागणाऱ्या दहाव्या हिश्श्याचे, उत्पन्न निम्म्यावर आणा, म्हणजे शेतकऱ्यांना आमची मजुरी वाढवता येईल. व्हिकरने कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी जमाव हेडली गावच्या दरिद्रालयाकडे गेला. डिसेंबरात विंचेस्टरला खास न्यायालय बसले आणि या उठावातल्या कित्येकांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले. १७९३ साली लहान असलेली मुले तेव्हा चाळिशीत होती. व्हाइटने मृत्युपत्रात ज्यांचा विचार केला त्या मोठ्या कुटुंबांतलीच ही पिढी.

सहा माणसांना दहा-दहा शिलिंग, एकूण तीन पौंड. या रकमेने सेलबोर्नच्या गरिबीत काडीचाही फरक पडणार नव्हता आणि व्हाइटही तसा दावा करत नाही. तो दंगल पाहायला असता तर मजुरांच्या बाजूने बोलला असता की कॉबोल्डच्या, यावर मी पैज लावणार नाही. तो आपल्या काळाचा आणि आपल्या वर्गाचा पाद्री होता. राजा, चर्च आणि कॉलेज यांची व्यवस्था त्याला मान्य होती. तरीही त्या व्यवस्थेत राहून एका माणसाला शेजारच्या मजुराकडे जितके बारकाईने पाहता येते तितके त्याने पाहिले. त्या काळच्या दानपत्रांत लाखमोलाच्या देणग्या आहेत, भिक्षागृहे आहेत, शाळा आहेत. त्या सगळ्यांपेक्षा मला हे तीन पौंड अधिक मोठे वाटतात, कारण ते देताना देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरात डोकावून पाहिले होते.

सेलबोर्नला आज जाणे सोपे आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ऑल्टनपर्यंत रेल्वे जाते, तिथून गाव चार मैलांवर. मराठी माणसे आता लंडनला खूप जातात, त्यांतल्या ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस यासाठी काढावा. चर्चमध्ये १९२० साली व्हाइटच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचांची खिडकी आहे. सेंट फ्रान्सिस पक्ष्यांना उपदेश करतो आहे असे तिच्यावरचे चित्र, आणि भोवती व्हाइटच्या पुस्तकातले पक्षी. ती जरूर पाहा. पण मग बाहेर येऊन उत्तरेच्या बाजूला वळा, आणि भिंतीपासून कबरी मोजत पाचवीपर्यंत या.